पहिला होकार धरायचा नाही

माझ्या थोरल्या नणंदेइतका माणसाला पटवणारा जीव नागपूरपासून रायपूरपर्यंत दुसरा सापडायचा नाही. हे मी, त्यांची भावजय, स्वतःच्या तोंडानं सांगते आहे, यावरूनच काय ते ओळखा. नणंदेचं कौतुक करायची माझ्या माहेरी, अकोल्याकडे, पद्धत नाही, पण ताईंच्या बाबतीत माझा नाइलाज आहे. इथं रायपुरात आमच्या शेजारी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात काम करणारे भैया राहतात. त्यांनी आपला जनरेटर नेमका आमच्या खिडकीखाली आणून बसवला. आधी माझ्या नवऱ्यानं जाऊन भांडून पाहिलं, मग मी जाऊन भांडून पाहिलं, आणि जनरेटर होता तिथंच धूर ओकत राहिला. शेवटी ताई गेल्या. हातात वाटीभर तिखटमिठाचे शंकरपाळे. भैयांच्या आईचा गुडघा कसा आहे, पोराची परीक्षा कधी, गावाकडे धान कसं आलं, एवढं विचारून परत आल्या. जनरेटरबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला भैयांनाच राहवेना. ते म्हणाले, दीदी, हमारे जनरेटर से आप लोगों को तकलीफ तो नहीं होती? ताई म्हणाल्या, "नहीं भैया, अब तो आदत हो गई है." दुसऱ्या दिवशी जनरेटर त्यांच्या मागच्या अंगणात गेला. कामाचं पहिल्याच वाक्यात बोलून टाकणं हा ताईंच्या मते शुद्ध अडाणीपणा आहे.

अशी बाई सरकारी नोकरीत असावी ही सरकारची पुण्याई. नव्या रायपुरातल्या एका कार्यालयात त्या आहेत. सकाळी ऑफिसच्या बसनं जातात, संध्याकाळी येतात, आणि मधल्या वेळात कोणाकोणाच्या अडकलेल्या फायली गोड बोलून पुढे सरकवतात. स्वतःचा संसार केला नाही. का केला नाही ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एवढं एकच भांडण आम्ही दोघींनी केलेलं नाही. बाकी मिठाचं, पाण्याच्या मोटारीचं, वाळवणावरच्या माश्यांचं, सगळं झालेलं आहे. पण आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरापोरींना त्यांची जी ख्याती आहे ती या कशाबद्दलच नाही. ती आहे फाशांच्या खेळाबद्दल.

हा खेळ माझी मुलगी मुक्ता कॉलेजातून घरी घेऊन आली. दर रविवारी ती आणि तिचे मित्र आमचं जेवणाचं टेबल अडवून बसतात. एकजण गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. गोष्ट सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे, काय करता? आणि हे म्हणतात, उडी मारतो. जमली की नाही ते वीस बाजूंच्या एका फाशावर ठरतं. मोठा आकडा पडला की पार, लहान पडला की बुडाला. इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. पण या खेळात बोलण्याचासुद्धा फासा असतो. कोणाला गळ घालायची असेल, थाप मारायची असेल, दम द्यायचा असेल, तरी फासाच टाकायचा. ताईंना हे कळलं ते पोह्यांच्या बशा घेऊन त्या टेबलाशी आल्या तेव्हा. मुक्ताचा मित्र अंशुल किल्ल्याच्या पहारेकऱ्याला पटवत होता. त्यानं फासा टाकला, वीस पडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि किल्ल्याचा दरवाजा उघडला. ताई बशी हातात धरून उभ्याच राहिल्या. "पण तो बोलला काय त्याच्याशी?" त्यांनी विचारलं. अंशुल म्हणाला, कुछ नहीं आत्या, बस पटा लिया. ताईंच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते मी त्यांच्या प्रमोशनच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि प्रमोशन तर दुसऱ्याला मिळालं होतं.

पुढं त्यांचा गेम मास्टर नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि खेळ बंद पडायची वेळ आली. पोरं हिरमुसली. ताईंनी दोन रविवार ते पाहिलं, तिसऱ्या रविवारी पदर खोचून मुख्य खुर्चीत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा बरं, कुठपर्यंत आलं होतं?" राक्षसांची जाडजूड नियमपुस्तकं त्यांनी बसमध्ये वाचून काढली. लढाईचे नियम त्यांनी जसेच्या तसे ठेवले, कारण लढाईत त्यांना रस नव्हता. "मारामारी कोणीबी करते," म्हणायच्या. बोलण्याचे नियम मात्र त्यांनी मुळापासून उपटून काढले आणि तिथं आमच्या घरचे लावले. पहिला नियम, तोंडानं बोलल्याशिवाय फाशाला हात लावायचा नाही. अंशुल बिचारा पुन्हा एका पहारेकऱ्यापुढे येऊन उभा राहिला. आधी बोल, ताई म्हणाल्या. तो म्हणाला, "गेट खोल दो." पहारेकरी, म्हणजे ताई, म्हणाल्या, "काहून?" त्या एका काहूनपुढे आमच्या रायपूरच्या पोराचा सगळा योद्धेपणा गळून पडला. त्यानं फासा टाकला. पुन्हा वीसच पडले. ताई म्हणाल्या, वीस पडले म्हणजे पहारेकरी आज खुशीत आहे, म्हणून त्यानं तुला हाकलला नाही. पण दरवाजा कशाला उघडेल, तू त्याला साधं जेवलास का म्हणून विचारलं नाहीस. तो सबंध रविवार ती फौज किल्ल्याबाहेर पहारेकऱ्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलत बसली. संध्याकाळी दरवाजा उघडला तेव्हा अंशुल लग्नाला जायचं कबूल करून आत शिरला होता.

पण ताईंचा खरा मोठा नियम म्हणजे पहिला नकार धरायचा नाही आणि पहिला होकारही धरायचा नाही. विदर्भातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पाहुण्याला चहा विचारला की तो नको म्हणतो. ते नको म्हणजे नमस्कार. पुन्हा विचारलं की आत्ताच घेऊन आलो म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं आणि तरी नको म्हणाला, तर त्याला खरोखर नको आहे, किंवा त्याचं तुमच्याशी वाकडं आहे. तसंच होकाराचं. काही मागितलं आणि समोरच्यानं एका झटक्यात हो म्हटलं, तर तो एक तर ऐकत नाही, नाही तर रागावला आहे, नाही तर तुम्हाला कटवतो आहे. खरा होकार थोडा कुथत येतो, असं ताईंचं म्हणणं. हिंदीत वाढलेल्या या पोरांना हे गणित कुठून ठाऊक असणार? डोंगरातल्या राक्षसिणीनं त्यांना जेवायला बोलावलं. विष घातलं असेल म्हणून पोरं नको म्हणाली, पुन्हा नको म्हणाली, तिसऱ्यांदाही नको म्हणाली. राक्षसिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सकाळपासून खपून स्वयंपाक केला होता, आणि विषबिष काही नव्हतं, साधं वांग्याचं भरीत होतं. अपमानानं तिनं डोंगर यांच्या अंगावर लोटला. मुक्ताचा योद्धा त्यात मेला. मुक्ता रडकुंडीला येऊन म्हणाली, आत्या, हा अन्याय आहे. ताई म्हणाल्या, "बाळा, अन्याय तिच्यावर झाला."

दम देण्याचंही तसंच. एका पोरानं तलवार उपसून आरडाओरडा केला आणि फासा टाकायला निघाला. ताईंनी त्याला थांबवलं. ओरडणाऱ्याला कोणी भीत नाही, त्या म्हणाल्या, आता मी तुला दम देते, पाहा. मग चष्मा काढला, शांतपणे टेबलावर ठेवला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं." एवढंच. तो पोरगा आपोआप ताठ बसला. मी स्वयंपाकघरात होते, तरी माझ्या हातातला चिमटा खाली ठेवला गेला, कारण त्या बरंशी माझी जुनी ओळख आहे. सणाच्या दिवशी पुरणात साखर घालू की गूळ यावरून ते मी प्रथम ऐकलं होतं, आणि तेव्हापासून आमच्याकडे पुरणात गूळच असतो.

हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागलं की ताईंच्या गोष्टीतली माणसं मला कुठंतरी भेटलेली आहेत. कंजूस राजा थेट आमच्या बिलासपूरच्या काकांसारखा बोलायचा. प्रेतांना उठवणारा मांत्रिक, त्यांचे साहेब. हे सगळं मी मजेत ऐकत होते, तोवर एका रविवारी गुहेतून अजगराच्या अंगाची, आग ओकणारी एक बाई निघाली आणि म्हणाली, "ठेवा, ठेवा तिथंच. मीच करते. सगळं मलेच तं करायचं आहे या घरात." पोरं हसून हसून खुर्चीवरून घसरली. मुक्तानं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे पाहिलं. मी भज्यांची परात त्यांच्यासमोरून उचलून आत नेली. पण पुढच्याच आठवड्यात माझी आणखी नीट जिरली. त्यांच्या गोष्टीत एक खानावळवाली होती. तिला कोणीतरी विचारलं की आज काय भाजी आहे, तर ती खानावळवाली, म्हणजे ताई, एकदम पेटली. मेथी, ती म्हणाली, रोज मेथी, मले मेथी पाहिली का उलटी येते, पण सांगू कोणाले. मी दारात उभी होते. माझं लग्न झाल्यापासून दर बुधवारी मी ताईंना आवडते म्हणून मेथी करत आले आहे. संध्याकाळी मी त्यांना विचारलं. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "तू इतक्या हौसेनं करतेस, म्हणून नाही बोलले."

इथं मला थांबून ताईंबद्दल ती गोष्ट सांगायला पाहिजे, जी इतकी वर्षं माझ्या नाकासमोर होती आणि मला दिसली नव्हती. दुसऱ्यासाठी दगडाला पाझर फोडणारी ही बाई स्वतःसाठी काही मागत नाही. एक पापड जास्त मागत नाही. आमच्या घरात त्या मधल्या खोलीत राहतात. तिला दोन्हीकडून रस्ता आहे: एकीकडून स्वयंपाकघर, दुसरीकडून न्हाणीघर. सकाळी सगळं घर टॉवेल घेऊन त्यांच्या उशाशी रांग लावतं. त्या जन्मात कधी म्हणाल्या नाहीत की मला दार लावता येईल अशी एक खोली द्या. एकदा मी भाजी निवडताना त्या शेजारी येऊन बसल्या. आधी हवेचं बोलल्या, मग माझ्या माहेरचं बोलल्या. ताई कामाचं बोलायला आल्या आहेत एवढं मला त्यावरूनच समजलं. शेवटी म्हणाल्या की नव्या रायपुरात, ऑफिसपासून जवळ, त्यांच्या नावावर एक छोटा फ्लॅट आहे. कधीचाच घेतला होता. आता ताबा मिळाला आहे. ऑफिसातली एक मुलगी तो भाड्यानं मागते आहे आणि त्यांनी तिला येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत कळवते म्हणून सांगितलं आहे.

"मग द्या तिला," मी म्हणाले.

ताई कोथिंबिरीची एक काडी घेऊन सोलत बसल्या, जी सोलायची नसते. मग म्हणाल्या, "मले तिथं स्वतःले राहायचं आहे, नीता. एकटीनं."

माझ्या डोळ्यासमोर पहिल्यांदा काय आलं ते खरंच सांगते. माझ्या डोळ्यासमोर आमचं सगळं मराठी मंडळ आलं, आणि प्रत्येक बाईच्या तोंडी एकच वाक्य: हिनं नणंदेला घराबाहेर काढली. पण मग मी ताईंकडे पाहिलं. त्यांचं लक्ष भाजीत होतं आणि कान लाल झाले होते, एखाद्या शाळेतल्या पोरीसारखे. मी म्हणाले, जा मग, अडवलंय कोणी? त्या म्हणाल्या, अण्णांना विचारायचं आहे. अण्णा म्हणजे माझे सासरे. रेल्वेतून निवृत्त होऊन युगं लोटली, सासूबाई गेल्या, ऐंशी पार केली, आणि अजून पंख्याचं बटण कोणी बंद करायचं ते तेच ठरवतात. त्यांच्या गोळ्या ताई देतात, नखं ताई कापतात, वर्तमानपत्रातला बारीक अक्षरांतला मजकूर ताई वाचून दाखवतात. त्यांना सोडून जाते असं त्यांनाच कसं सांगायचं, एवढा ताईंचा प्रश्न होता, आणि सोमवार जवळ येत होता.

माझ्या पोटात काही राहत नाही. मी मुक्ताला सांगितलं. मुक्ता म्हणाली, मग आत्यानं आधी टेबलावर खेळून पाहावं. रविवारी ती स्वतः गेम मास्टरच्या खुर्चीत बसली. अण्णा मला केलं. अण्णा खरे बाहेरच्या खोलीत हिंदी बातम्या मोठ्यानं लावून बसले होते. त्यांना ऐकायला कमी येतं असा आमच्या घरात समज आहे. मी शाल घेतली, खाकरले, आणि जुन्या काळी बिलासपूर स्टेशनवर चहा कसा मिळायचा ते सांगायला लागले. अंशुल टाळ्या वाजवायला निघाला तर मुक्तानं त्याला डोळ्यांनी दटावलं. ताई समोर येऊन बसल्या. त्यांनी माझा गुडघा विचारला. मी सांगितलं. माझी पेन्शन वेळेवर येते का विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "अण्णा, एक मागू का?" आम्ही सगळे पुढे सरकलो. अंशुलनं फासा मुठीत धरला. ताईंनी एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मुक्ताले कॉलेजात जायले स्कूटी घेऊन देऊ या का?"

मुक्ताला स्कूटी मिळाली ती अशी. मी अण्णांच्या वतीनं हो म्हणून बसले आणि नंतर नवऱ्याला ते निस्तरावं लागलं. मुद्द्याचं मात्र राहिलंच. फासा अंशुलच्या मुठीतच राहिला, कारण त्यांच्याच नियमाप्रमाणे तोंडानं बोलल्याशिवाय तो टाकता येत नव्हता.

सबंध आठवडा तसाच गेला. पुढच्या रविवारी दुपारी, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी, ताई चहाचा कप घेऊन अण्णांच्या खोलीत गेल्या. मी चोरून ऐकत नव्हते. कांदा कुठंही चिरता येतो, त्या दिवशी मी तो त्या दाराशी बसून चिरला एवढंच. ताईंनी गुडघा विचारला नाही, पेन्शन विचारली नाही. जन्मात पहिल्यांदा त्या एका दमात बोलल्या, की अण्णा, माझा तिकडे फ्लॅट झाला आहे, मले तिथं राहायले जावं वाटते. लगेच आतून अण्णांचा आवाज आला, अगदी सरळ, जसा स्टेशनवर गाडीची वेळ सांगावी तसा. "जा नं," ते म्हणाले. आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. ताई बाहेर आल्या, कप मोरीत ठेवला आणि भांडी विसळायला लागल्या. चेहरा पार उतरलेला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, नाही म्हणाले. मी म्हणाले, अहो ताई, मी या कानांनी ऐकलं, ते जा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अकोल्याची नसून परदेशातली आहे. पहिल्याच झटक्यात म्हणाले, त्या म्हणाल्या. काही विचारलं नाही, कुठं आहे, केवढा आहे, एकटी कशी राहशील, काही नाही. म्हणजे मनाला लागलं त्यांच्या. मुक्तानं समजावलं, माझ्या नवऱ्यानं समजावलं. उपयोग काय? पहिला होकार धरायचा नाही हा नियम त्यांनी सगळ्या पाऱ्याच्या पोरांना शिकवला होता. उद्या त्या मुलीला फ्लॅट देऊन टाकते, त्या म्हणाल्या, आणि त्यांनी विषय तिथं मिटवला.

मग मी अण्णांकडे गेले. सासऱ्यांशी बोलताना मी पदर नीट करते, पण त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता. मी म्हणाले, अण्णा, तुम्ही जा म्हणालात, ते रागानं म्हणालात का? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ते म्हणाले, "मागच्या रविवारी तू माझी नक्कल करून राहिली होती. मी असा खाकरत नाही." मी खाली पाहिलं. मग म्हणाले की त्या दिवशी त्यांनी बातम्यांचा आवाज कमी केला होता. बाईनं, ताईंना ते बाईच म्हणतात, स्कूटी मागितली तेव्हाच त्यांना कळलं होतं की तिच्या मनात दुसरं काही आहे. मग त्यांनी मुक्ताला बाजूला घेऊन काढून घेतलं. आठवडाभर विचार केला. रोज वाटायचं नाही म्हणावं. शेवटी मनाची तयारी केली आणि ती येताच सांगून टाकलं. मी म्हणाले, अण्णा, तुमची तयारी झाली, पण त्यांना ती दिसली नाही. त्यांना आग्रह करा. अण्णा म्हणाले, "जायचा आग्रह?" मी म्हणाले, हो. आता अण्णांचा आग्रह काय चीज आहे ते आमच्या नातेवाइकांना विचारावं. ते वाढायला उभे राहिले की पाहुणे ताटावर दोन्ही हात आडवे धरतात, आणि अण्णा हातांवर वाढतात.

सोमवारी सकाळी ताई बसच्या आधी थालीपीठ खायला बसल्या होत्या. अण्णा काठी टेकत आले आणि माझ्या हातातलं उलथनं त्यांनी काढून घेतलं. तव्यावरचं थालीपीठ ताईंच्या ताटात घातलं आणि म्हणाले, "बाई, तू जा तिकडं."

"राहू द्या, अण्णा. मी भाड्यानं देऊन राहिली."

"नाही. तू राहा तिथं."

"तुमच्या गोळ्या कोण देईल?"

"नीता देईल. जा."

"लोक नीताले नावं ठेवतील."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले की ठेवू द्या, मी त्यांना उत्तर द्यायला बसलेलीच आहे. ताईंचे तिन्ही नकार देऊन झाले. त्या घास हातात धरून ताटाकडे पाहत राहिल्या. अण्णांनी उलथनं खाली ठेवलं. हात ताईंच्या डोक्यावर ठेवला. "तू इथं असली का मले बरं वाटते," ते म्हणाले. "ते खरं आहे. तरी बी तू जा."

ताईंनी मानेनंच हो म्हटलं. बाहेर बसचा हॉर्न वाजला तशा त्या हात धुऊन निघाल्या, डबा विसरून. मुक्ता डबा घेऊन कोपऱ्यापर्यंत धावली. मी थालीपीठ करपवलं, आणि त्याचा धूर डोळ्यांत गेला असं त्या दिवशी घरात सगळ्यांनीच एकमेकांना सांगितलं.

ताई गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले. मंडळातल्या बायका जे बोलायचं ते बोलल्या. मी प्रत्येकीला बरं म्हणाले. खेळ आता रविवारी तिकडे होतो, पोरं स्कूटीवर तीन तीन बसून जातात, मी ओरडते आणि ती ऐकत नाहीत. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ताईंनी आमच्यासाठी झणझणीत रस्सा केला होता, आमच्याकडे सगळे सपक खातात म्हणून त्यांनी जन्मभर न केलेला. आम्ही नाकातोंडातून पाणी काढत जेवलो आणि त्या समाधानानं पाहत बसल्या. परत येताना त्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर अण्णा पुढच्या सीटवर काठी धरून बसले होते. ते म्हणाले, घर चांगलं आहे बाईचं, उजेड येते. आणि थोड्या वेळानं, आम्ही कोणी काही विचारलं नसताना, म्हणाले, "तिनं कधी मागितलं नाही हे खरं. पण मी तरी कधी पुसलं? का बाई, तुले काय पाहिजे. एवढंच तं पुसायचं होतं."

त्या दिवसापासून अण्णा रोज दुपारी ताईंना फोन लावतात. मी गोळ्या देते, त्या घेतात आणि फोनवर विचारतात, तुले काही पाहिजे का? तिकडून उत्तर येतं, काही नको अण्णा. ते बरं म्हणून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. घर मला मोठं मोठं वाटतं. मधल्या खोलीतून टॉवेल घेऊन जाताना अजून माझं पाऊल हळू पडतं, आणि भांडायला माणूस नाही म्हणून मी नवऱ्याशी भांडते, त्यात पूर्वीची गोडी नाही. मला त्यांची फार आठवण येते, आणि हे मी त्यांना सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर त्या बॅग भरून परत येतील.

परवा दुपारी अण्णा फोन ठेवून स्वयंपाकघरात आले. चेहरा असा, की मला वाटलं काहीतरी झालं. "बाईले पडदे पाहिजेत," ते म्हणाले. "खिडकीले. निळे. तिनं मागितले." मी म्हणाले, आणू की, संध्याकाळी जाऊ. पण अण्णांनी ऐकलं नाही. त्यांनी टोपी घातली, चपला घातल्या, काठी घेतली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. या उन्हात दुकानं उघडी नसतात, चारनंतर उघडतील, मी म्हणाले. तर ते तिथंच खुर्ची ओढून, चपला तशाच पायांत ठेवून बसून राहिले.